रुग्णाची कागदपत्रे मोबाईलमध्ये कशी ठेवावीत आणि पुढच्या दवाखान्यापर्यंत कशी पोहोचवावीत

माझ्या वडिलांच्या छातीत पहिल्यांदा दुखले तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचा ईसीजी काढला होता. तो कागद जपून राहावा म्हणून मी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनला दिला, आणि यंत्रातून तो बाहेर आला तो पूर्ण काळा होऊन. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, त्याला गरम यंत्रातून काढले की सगळाच कागद उमटतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून नोकरी करत असूनही मला हे तोपर्यंत ठाऊक नव्हते. चार वर्षांनी वडिलांना रात्री नागपूरला न्यावे लागले. तिथल्या डॉक्टरांना नव्या ईसीजीत डाव्या बाजूच्या विद्युतवहनात अडथळा दिसला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की हा जुना आहे की आजचा? जुना असेल तर घाई वेगळी आणि आजचा असेल तर घाई वेगळी. उत्तर त्या काळ्या कागदात होते आणि ते कोणालाही वाचता येत नव्हते.

रुग्णाच्या नोंदीची खरी गरज त्याला मुळीच न ओळखणारा डॉक्टर अपरात्री निर्णय घेत असतो त्या घटकेला लागते. आपल्याकडे रुग्ण उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, मग जिल्ह्याला आणि शेवटी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातो, आणि प्रत्येक पायरीवर डॉक्टर बदलतो. सगळ्या पायऱ्यांवर सोबत असतो तो रुग्ण, त्याच्या घरचा एक माणूस आणि आता बहुतेक वेळा एक स्मार्टफोन. या फोनचा उपयोग कसा करावा, हे घरातल्या शिकलेल्या मुलामुलींसाठी आणि गावात अशी मदत करणाऱ्या आशाताईंसाठी मी येथे लिहीत आहे.

आधी कागद, मग फोन

बहुतेक घरांत दवाखान्याचे कागद एका पन्नीत घालून खुंटीला टांगलेले असतात किंवा लोखंडी पेटीच्या तळाशी असतात. एकदा एका आजींनी ती पन्नी माझ्या टेबलावर रिकामी केली आणि म्हणाल्या, "साहेब, कागद तं सारेच आणले जी, पण कोनता कामाचा हाय थे मले नाई समजत." त्यांच्या त्या ढिगात औषधांची बिले, रेशनची पावती आणि सात वर्षांपूर्वीचे नेत्रशिबिराचे पत्रक यांच्यामध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचा गाठीच्या तपासणीचा अहवाल दुमडून पडलेला होता. सगळ्या ढिगात सर्वांत मोलाचा कागद तोच होता.

म्हणून फोटो काढायला घाई करू नये. ओसरीत सतरंजी टाकून कागद वर्षांप्रमाणे मांडावेत. भरती झालेल्या प्रत्येक वेळचे डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, गाठीचा किंवा मांसाच्या तुकड्याचा तपासणी अहवाल, ईसीजी आणि इको, सिकलसेलचा अहवाल, क्षयरोगाच्या उपचाराचे कार्ड, गरोदरपणातले माता व बाल संरक्षण कार्ड आणि रक्तगटाचा प्रयोगशाळेने दिलेला कागद, हे कितीही जुने असले तरी ठेवायचे. साध्या तापात केलेली पाच वर्षांपूर्वीची रक्ततपासणी सगळे आकडे सामान्य असतील तर बाजूला काढली तरी चालते. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र जुने आकडेही मोलाचे असतात, कारण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.८ आहे यापेक्षा ते दोन वर्षांत १.१ वरून १.८ वर गेले आहे हे डॉक्टरला अधिक सांगून जाते.

स्कॅन करण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. गुगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये स्कॅनची सोय आहे, ती कागदाच्या कडा ओळखून पीडीएफ तयार करते. दिवसाच्या उजेडात, सावली पडणार नाही अशा जागी, कागद सपाट ठेवून स्कॅन करावे. रुग्णाचे नाव, तारीख आणि प्रयोगशाळेचे नाव असलेला वरचा भाग कापला जाऊ नये, कारण नाव आणि तारीख नसलेल्या अहवालावर कोणताही जबाबदार डॉक्टर विसंबत नाही. कागदाला मागची बाजू असेल तर तीही घ्यावी, पुष्कळदा औषधांतला बदल मागेच हाताने लिहिलेला असतो. स्कॅन झाल्यावर तो मोठा करून आकडे वाचून पाहावेत. दशांशचिन्ह दिसत नसेल तर पुन्हा काढावा.

ईसीजीचे आणि सोनोग्राफीचे चकचकीत छापील तुकडे उष्णतेच्या कागदावर असतात. ते आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात हळूहळू पुसट होतात आणि चिकटपट्टी लावली तर तिच्याखालची अक्षरे लवकर जातात. दवाखान्यातून परतताना त्याच दिवशी त्यांचा फोटो काढावा आणि एक साधी झेरॉक्सही करून ठेवावी. लॅमिनेशन मुळीच करू नये.

एक्सरेची फिल्म खिडकीच्या काचेवर किंवा आकाशाकडे धरून, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतो. त्यात नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू दाखवणारे अक्षर आले पाहिजे. तरीही फिल्म टाकून देऊ नये. सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या बाबतीत हातात मिळणाऱ्या मोठ्या फिल्मवर निवडक चित्रेच असतात, पूर्ण तपासणी सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंकच्या रूपात मिळते. ती मागून घ्यावी. लिंक मिळाली असेल तर ती काही काळाने बंद पडू शकते, म्हणून फाईल उतरवून घ्यावी.

फाईलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग व्यक्ती आणि शेवटी काय आहे ते लिहावे, उदाहरणार्थ "२०२५-०७-१४ आई रक्ततपासणी". असे केले की फोन आपोआप तारखेच्या क्रमाने यादी लावतो. घरातल्या प्रत्येक माणसाचे फोल्डर वेगळे असावे. सासूचे आणि सुनेचे अहवाल एकाच ठिकाणी ठेवू नयेत, त्याचे कारण पुढे येईलच.

एका पानाचा सारांश

मला विचाराल तर सगळ्या खटाटोपातले सर्वांत उपयोगी काम हे आहे आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात दारापर्यंत रांग लागलेली असताना डॉक्टरसमोर चाळीस पीडीएफ धरल्या तर तो त्या उघडणार नाही आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला एक पान द्यावे. त्या पानावर आधार कार्डावर आहे तसे नाव आणि वय, कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती ते आणि तेव्हा नेमके काय झाले ते, कोणता आजार कोणत्या वर्षापासून आहे, कोणत्या शस्त्रक्रिया कधी झाल्या, सध्या चालू असलेली औषधे, शेवटच्या महत्त्वाच्या तपासण्यांचे आकडे एककासह आणि तारखेसह, आणि घरच्या माणसाचा फोन नंबर एवढे असावे. रक्तगट कागदावर दाखवता येत असेल तरच लिहावा, आठवणीतून लिहू नये.

औषधांचा रकाना सर्वांत जास्त चुकतो. नोकरीच्या काळात "बीपीची गोळी", "शुगरची लहान गोळी", "ती पिवळी" अशी उत्तरे मी हजारदा ऐकली आहेत. कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात घटकाचे नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेले असते, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम किंवा मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, आणि सारांशात तेच लिहायचे असते. दुकानदार पाचच गोळ्या कापून देतो तेव्हा नावाचा भाग पुष्कळदा त्याच्याकडच्या अर्ध्या पट्टीवर राहतो. अशा वेळी पूर्ण पट्टीचा मागच्या बाजूचा फोटो काउंटरवरच काढून घ्यावा. गोळी रिकाम्या पोटी घेतात की जेवणानंतर, आणि गेल्या महिन्यात पैशांअभावी ती बंद होती का, हेही लिहावे. बंद असलेले औषध चालू आहे असे लिहिले तर पुढचा डॉक्टर त्यावर आणखी एक औषध वाढवतो.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहितीचा भाग असतो. तिथे आजार, अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि घरच्यांचा नंबर भरला की फोन लॉक असतानाही दुसऱ्याला ते वाचता येते. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाच्या बाबतीत याचे मोल फार असते.

आभा क्रमांक

केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले, त्यातला प्रत्येक व्यक्तीचा १४ अंकी क्रमांक म्हणजे आभा. येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला असा की आभा म्हणजेच मोफत उपचाराचे आयुष्मान कार्ड. तसे नाही. आयुष्मान कार्ड हे पात्र कुटुंबांच्या उपचाराचा खर्च देणाऱ्या योजनेचे आहे, आभा फक्त नोंदी जोडण्यासाठी आहे आणि तो कोणालाही विनामूल्य काढता येतो. दुसरा गैरसमज असा की आभा काढला म्हणजे सगळे अहवाल सरकारच्या एका संगणकात जमा झाले. प्रत्यक्षात अहवाल ज्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत तयार झाला तिथेच राहतो, आणि रुग्णाने संमती दिली तरच तो दुसऱ्याला दिसतो. आभा काढणे ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

तो काढण्यासाठी सहसा आधार क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो, कारण ओटीपी त्यावर येतो. खेड्यात गाडी अडते ती इथेच. आधारला जोडलेला नंबर कामासाठी पुण्याला गेलेल्या मुलाचा असतो किंवा रिचार्ज न केल्याने बंद पडलेला असतो. मुलगा फोनवर असेल तर तो ओटीपी सांगू शकतो, पण पुढे प्रत्येक वेळी तसेच करावे लागेल, म्हणून आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर जोडून घेणे हाच खरा उपाय आहे. गावात शिबिर झाले असेल तर क्रमांक आधीच निघालेला असू शकतो. दुसरा काढण्यापूर्वी आभाच्या संकेतस्थळावरच्या जुना क्रमांक शोधण्याच्या सोयीने तो पाहावा. आभा अ‍ॅपमध्ये लक्षात राहील असा आभा पत्ताही निवडता येतो.

रुग्णालय या व्यवस्थेला जोडलेले असेल तर नोंदणीच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. तो अ‍ॅपमधून स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप जातात आणि टोकन मिळते. यात वेळ वाचतो हे खरे, पण मोठा फायदा वेगळाच आहे: नाव बरोबर लिहिले जाते. जुना अहवाल शोधताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल यांची जुळणी होते. एका दवाखान्यात "सुमन", दुसऱ्यात "सुमनबाई" आणि तिसऱ्यात वय अंदाजे लिहिले तर तिन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत हे संगणकाला कळत नाही. म्हणून चिठ्ठी फाडतानाच नाव आणि वय आधारप्रमाणे सांगण्याची सवय लावावी.

डॉक्टरकडून संमतीची विनंती फोनवर आली की "मान्य" दाबण्यापूर्वी ती वाचावी. कोण मागत आहे, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या आणि किती दिवसांसाठी, हे तिथे लिहिलेले असते. काळ कमी करता येतो, काही नोंदी वगळता येतात, विनंती नाकारता येते आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. रुग्णाला मराठी वाचता येत नसेल, तो गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणारा असेल, तर त्याच्या भाषेत समजावून मगच बटण दाबावे. त्याचा फोन आपल्या हातात आहे म्हणून त्याच्या वतीने होकार देण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, हे मदत करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी पक्के धरावे.

इथल्या आजारांसाठी विशेष नोंदी

पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत, पण कागदावर नुसते "पॉझिटिव्ह" लिहिलेले मी अजून पाहतो. प्राथमिक विद्राव्यता चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे, म्हणजे एएस, की रुग्ण आहे, म्हणजे एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीतून ठरते. त्या दुसऱ्या तपासणीचा अहवाल स्कॅन करावा आणि सारांशात नेमका शब्द लिहावा. एसएस रुग्णाच्या पानावर बरा असताना त्याचे हिमोग्लोबिन किती असते हेही अवश्य लिहावे. ज्याचे नेहमीचेच साडेसात असते त्याला नवखा डॉक्टर तो आकडा पाहून रक्त चढवायला घेऊ शकतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर त्याचा डोस, आणि आजवर रक्त कधी कधी चढवले त्या तारखाही पानावर असाव्यात.

फवारणीतली विषबाधा यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली अनुभवली, त्यात अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. शेतात कोणी चक्कर येऊन पडला, लाळ गळू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याला उचलून नेताना दुसऱ्या माणसाने फवारलेल्या प्रत्येक औषधाच्या डब्याच्या लेबलचा फोटो काढावा. त्यावर रसायनाचे नाव, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण आणि पुष्कळदा उताराही छापलेला असतो. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली असतील तर सगळ्यांचे फोटो हवेत. फवारणी किती वाजता सुरू केली आणि त्रास किती वाजता सुरू झाला हे फोटोसोबत लिहून आधीच आरोग्य केंद्रात पाठवावे. तो फोटो हीच त्या रुग्णाची त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची नोंद असते.

साप चावल्यावर सापाचा फोटो काढण्यासाठी त्याच्यामागे जाऊ नये. चावल्याची वेळ लिहावी, आणि पुढे पाठवताना सर्पविषावरच्या लसीच्या किती कुप्या, किती वाजता दिल्या, हे रेफर चिठ्ठीवर आहे याची खात्री करून गाडी निघण्यापूर्वी चिठ्ठीचा फोटो घ्यावा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चिठ्ठ्या हरवतात.

समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्ला घेतला असेल तर त्याचे प्रिस्क्रिप्शन संगणकावर तयार होते. त्याची प्रत मागून त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.

पाठवताना कोणती काळजी घ्यावी

व्हॉट्सअ‍ॅपवर अहवाल फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जाऊन अक्षरे फुटतात. तोच "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. तो डॉक्टरच्या किंवा नातेवाइकाच्या वैयक्तिक नंबरवर पाठवावा. गावाच्या, समाजाच्या किंवा बचतगटाच्या ग्रुपवर, मदत गोळा करण्यासाठीसुद्धा, पूर्ण अहवाल टाकू नये. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी आपण दुकानदाराच्या नंबरवर सहज अहवाल पाठवतो आणि विसरतो. प्रिंट हातात आल्यावर आपल्यासमोर तो दोन्हीकडून पुसायला सांगावे. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांचे कागद त्या वाटेने जाऊच नयेत. एचआयव्हीबाधितांच्या माहितीची गुप्तता २०१७ च्या कायद्याने आणि मानसिक रुग्णांची त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक केलेली आहे. सिकलसेलचा वाहक असल्याची बातमी फुटून मुलीची सोयरीक मोडल्याचे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच सुनेचे फोल्डर तिच्या स्वतःच्या फोनमध्ये, तिच्या स्वतःच्या पिनखाली असावे. फोन एकच असेल तर त्या फोल्डरला तरी वेगळे कुलूप असावे.

नेटवर्क नसेल तेव्हाचा विचार आधी करावा. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो, आणि मेळघाटातल्या कितीतरी पाड्यांवर फोन घेऊन टेकडीवर जावे लागते. ड्राइव्हवर ठेवलेली फाईल अशा वेळी उघडत नाही. म्हणून सारांश आणि महत्त्वाचे अहवाल फोनच्या स्वतःच्या साठ्यात उतरवून ठेवावेत, त्यांची एक प्रत बाहेरगावी असलेल्या विश्वासाच्या नातेवाइकाकडे असावी, आणि सारांशाचे छापील पान आधार कार्डाच्या पाकिटात असावे. बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो.

रुग्णालयाकडून नोंदी मागणे

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. अर्ज साध्या कागदावर चालतो: नाव, भरतीचा क्रमांक, तारखा, कोणते कागद हवेत ते, आणि खाली सही. अर्जाची दुसरी प्रत शिक्क्यासह परत घ्यावी. पण सर्वांत सोपी वेळ सुटी मिळण्याची असते. बिल भरण्याच्या गडबडीत दहा मिनिटे थांबून डिस्चार्ज कार्ड तिथेच वाचावे, न समजलेला शब्द विचारावा आणि तपासण्यांच्या प्रती मागाव्यात. महिन्याभराने पुन्हा दीडशे किलोमीटर जाण्यापेक्षा ही दहा मिनिटे स्वस्त आहेत.

लहान दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी थोडेसे. संगणकावर नोंदी ठेवत असाल तर कंपाउंडरचा आणि तुमचा पासवर्ड वेगळा असावा, वीज जाताच फाईल बिघडू नये म्हणून यूपीएस असावा, आणि रोजची प्रत दवाखान्याबाहेर ठेवलेल्या डिस्कवर जावी. सॉफ्टवेअर घेताना सर्व नोंदी सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. नाहीतर सॉफ्टवेअर बदलताना तुमच्या रुग्णांचा इतिहास मागे राहतो.

दर वर्षी मृगाआधी, बियाणे आणण्याच्या धावपळीला लागण्यापूर्वी, सारांश पुन्हा वाचून औषधे आणि आकडे दुरुस्त करावेत व नवे पान छापावे. सिम बदलायचे असेल तर जुना नंबर बंद पडण्यापूर्वी आधार आणि आभामध्ये नवा नंबर नोंदवावा, कारण बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो आणि मग ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतो. जुना फोन दुकानात देताना आधी नव्या फोनमध्ये सगळ्या फाईल उघडतात का ते पाहावे, मग जुन्यातून आभा, ड्राइव्ह आणि व्हॉट्सअ‍ॅपमधून बाहेर पडून तो पूर्ण पुसावा आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे.